शेजारणीच्या तोंडी राहिलेलं शेवटचं कडवं

नोरामावशी,

तुमच्या हयातीत मी तुम्हाला कधी मावशी म्हटलं नाही. तुम्ही नोरा-सान आणि मी अश्विनी-सान, एका मजल्यावर समोरासमोरची दोन दारं. आता मात्र मावशीच म्हणणार आहे. अडवायला तुम्ही नाही, आणि जिने स्वतःच्या तोंडातला घास काढून माझ्या तोंडात घातला तिला 'सान' लावायचं मला सुचत नाही.

आज सकाळी ग्योतोकु स्टेशनच्या फलाटावर मी तुमचं शेवटचं कडवं म्हणत होते. आवाज नव्हता, नुसते ओठ हलत होते. तरी शेजारचा माणूस एक पाऊल सरकून उभा राहिला. दुसऱ्या ओळीत अडखळले. परत पहिल्यापासून सुरुवात केली, परत तिथेच गाडी अडली. तोझाई लाइनची खरी गाडी आली आणि माझ्यासमोरून निघून गेली, मी चढलेच नाही. हातातून बाळ निसटावं तसं झालं. मग एकदाची ती ओळ आली, पण आली ती तुमचीच होती की मी जुळवून घेतली, ते मला सांगता येत नाही. ऑफिसला उशीर झाला म्हणून साहेबांपुढे वाकून माफी मागितली. कारण काय सांगणार? एक आयरिश कविता विसरायला झाली होती म्हणून?

तुम्ही जाऊन अजून आठवडाही झालेला नाही, आणि मी आत्ताच ते कडवं झिजवायला लागले आहे.

आपली ओळख कचऱ्यावरून झाली. आम्ही नुकतेच मुंबईहून जपानला आलो होतो. नितीनचं तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, मला इथल्याच एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, इरा बालवाडीत. फक्त जळणारा कचरा बाहेर ठेवायच्या दिवशी मी पिशवीत तेलाचा पत्र्याचा डबा टाकला होता. तुम्ही ती पिशवी उचलून थेट आमच्या दारात आलात. मला वाटलं, गोऱ्या आजीबाई आता इंग्रजीत झापणार. तुम्ही झापलंत, पण जपानीत. मी इंग्रजीत सॉरी म्हणाले, तर मान हलवून जपानीतच म्हणालात, "इंग्रजी मला येत नाही." पुढे कळलं की सेंदाईच्या विद्यापीठात तुम्ही जन्मभर इंग्रजीच शिकवलं होतं. एवढं धडधडीत खोटं बोलणारी बाई मला त्याआधी भेटली नव्हती.

आणि तो भज्यांचा दिवस. डब्याचं प्रकरण मिटवायला काही महिन्यांनी मी तुम्हाला चहाला बोलावलं. जपानी पाहुणचार दाखवायच्या नादात चॉपस्टिक्स मांडल्या आणि एक कांदाभजी माझ्या चॉपस्टिक्सनी उचलून तुमच्यापुढे धरली. तुम्ही ती तुमच्या चॉपस्टिक्समध्ये अलगद घेतलीत. इरा किंचाळली, "ममा, दामे! असं नाही करायचं!" मग तिने बालवाडीत शिकलेल्या जपानीत आम्हा दोघींची शिकवणी घेतली. असं एकीकडून दुसरीकडे द्यायचं नसतं, जळलेल्या माणसाची हाडं उचलताना फक्त तसं करतात. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तुम्ही शांतपणे भजी चावत होतात. "तुम्हाला ठाऊक होतं ना? मग घेतलीत कशाला?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "कांद्याची भजी परत करायची असते का?"

त्यानंतर कधीतरी तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं तुमचं गाव. तुम्ही शाळेत असताना शहरातून एक माणूस आला आणि अणुबॉम्ब पडला तर काय करायचं ते गावाला समजावून गेला. दारं-खिडक्या बंद करा, मातीची पोती रचा, पाणी भरून ठेवा. तो इंग्रजीत बोलत होता आणि मास्तर ते आयरिशमध्ये सांगत होते. सगळं ऐकून झाल्यावर तुमची शेजारीण उठली. गावात कुणी गेलं की हेल काढून रडायला जिला बोलावत, मेलेल्याशी 'तू' म्हणून बोलत जी त्याचे गुण गायची, ती म्हातारी. तिने विचारलं, "सगळेच गेले, तर रडायला कोण येणार?" शहरचा माणूस हसला. मास्तर हसले नाहीत. तुम्ही म्हणालात की तुमच्या डोक्यातून तो प्रश्न नंतर गेलाच नाही.

तो प्रश्न घेऊन तुम्ही जपानात आलात, इथेच लग्न केलंत, आणि ज्या सासूच्या घरात पडलात ती हिरोशिमाची निघाली. ती त्या दिवसाबद्दल जन्मात एक शब्द बोलली नाही. फक्त दर ऑगस्टमध्ये एका सकाळी खिडकीत पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवायची आणि संध्याकाळपर्यंत त्याला कुणाला हात लावू द्यायची नाही. तुम्ही एकदा चुकून तो ओतून टाकलात. ती ओरडली नाही, नळाशी गेली आणि परत भरून आणून ठेवला. सासू गेल्यावर तुम्ही ती कविता रचायला घेतलीत, जग संपल्यानंतर उरलेल्या एकाच बाईने सगळ्यांसाठी हेल काढून रडायचं, अशी. रचत होतात तीही चालत, खाडीच्या काठाने, मनातल्या मनात.

लिहायची नाही. हा तुमचा पहिला नियम. जिवंत माणसावरचं रडगाणं कागदावर उतरवायचं नसतं, तसं केलं तर मरणाला आवतण दिल्यासारखं होतं, असं ती म्हातारी म्हणायची. "जग अजून जिवंत आहे," तुम्ही म्हणालात, "मी कशाला बोलावणं धाडू?" दुसऱ्या कुणाला हा वेडेपणा वाटला असता. मला नाही वाटला. अशुभ बोलू नको, वास्तू तथास्तु म्हणते, हे ऐकतच मी वाढले.

आयरिशमधली ती कविता मी पाठ करून मराठीतही म्हणावी, असं तुम्ही मागितलंत. "पण मग मराठीत कशाला हवी तुम्हाला?" मी विचारलं होतं.

"घरची माणसं हेल काढून रडत नाहीत. शेजारणी रडतात. माझी शेजारीण तू आहेस."

तर आपले शनिवार. स्टेशनजवळचं ते फॅमिली रेस्टॉरंट, कोपऱ्यातलं टेबल, दोन ड्रिंक बार, म्हणजे एकदा पैसे भरून हवे तितके कप. इंग्रजीला बंदी. बॉम्बबद्दलचे इंग्रजी शब्द फार घासून गुळगुळीत झालेत, त्यांतून काही नेलं की वाटेत सांडतं, असं तुमचं म्हणणं. ज्याच्या तोंडून इंग्रजी शब्द निघेल त्याने उठून दोघींचे कप भरून आणायचे. घरी मराठीतसुद्धा 'इश्यू' आणि 'डेडलाइन' करणारी मी, माझी कॉफी मशिनपर्यंत केवढी परेड झाली! उरली मधली भाषा, जपानी. आणि आपलं जपानी कुठलं? तुमचं जरा बरं, पण माझ्यासाठी तुम्हाला ते खाली उतरवावं लागायचं. स्टेशनवरच्या सूचना, दवाखाना, भाजी, कचरा. त्यातून तुम्ही जगाचा अंत मला समजावून सांगत होतात.

राखेचा शब्द मला येईना, तेव्हा तुम्ही म्हणालात, "मोएरु गोमी." जळणारा कचरा. पुढच्या शनिवारी तुम्ही कवितेत नवं कडवं घेऊन आलात. ती उरलेली बाई सवयीने रोज सकाळी उरलेल्या जगाची वर्गवारी करत बसते. जळणारं, न जळणारं, बाटल्या, कापड. माणसं कुठल्या दिवशी बाहेर ठेवायची हे तिला कुणी सांगितलेलं नाही. ते मराठीत म्हणून दाखवताना मी रडले, आणि शेजारच्या टेबलावरच्या बायका आपल्याकडे बघत होत्या.

पद्धतही तुमचीच. आधी आवाज, मग अर्थ. एका शनिवारी कडवं माझ्याकडून घोकून घ्यायचं, मला एक अक्षर कळत नसताना, आणि पुढच्या शनिवारी त्याचा अर्थ. "आधी तोंडात बसू दे, डोक्यात नंतर जाईल." तुम्हाला वाटायचं की हे मला जड जाईल. अहो, आमचं अख्खं लहानपण दिवेलागणीला संस्कृत स्तोत्रं घडाघडा म्हणण्यात गेलं, अर्थ कोणाच्या बापाला ठाऊक होता? तुम्ही चकित झालात. म्हणालात, "तुमच्या आयांनी तुम्हाला बरोबर शिकवलं." आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती दिवसभर खूश होती.

तरी माझ्यातली टेस्टर गप्प बसेना. एक दिवस फोन टेबलावर ठेवून म्हणाले, "निदान रेकॉर्ड तरी करू. उद्या काही झालं तर? बॅकअप कुठाय याचा?"

तुम्ही फोन पालथा घातलात. "बॅकअप हा इंग्रजी शब्द आहे. कॉफी आण."

आणली. तुम्ही कप हातात घेतलात आणि म्हणालात, "बॅकअप तू."

मी त्यावर हसले होते. केवढी मूर्ख!

आपलं खरं भांडण झालं ते सेंदाईनंतर. ऑफिसच्या कामाला गेले होते. सकाळी कोनबिनीत, चोवीस तास उघड्या दुकानात, राइस बॉल घेत असताना सगळ्यांचे फोन एकदम कोकलायला लागले. शेजारच्या देशाने क्षेपणास्त्र सोडलंय, पक्क्या इमारतीत जा. आम्ही सगळे पुतळ्यासारखे उभे. काउंटरवरची मुलगी पांढरीफटक पडली होती, पण तिच्या तोंडून सवयीने निघालं, "गरम करून देऊ का?" मी म्हणाले, "हो." ते गरम होईपर्यंत मला फक्त इरा दिसत होती, ग्योतोकुच्या शाळेत बाकाखाली डोकं धरून बसलेली. क्षेपणास्त्र समुद्रात पडलं. दिवस पुढे गेला. तुम्ही ती मुलगी कवितेत घेतलीत. तुमची ती बाई रिकाम्या दुकानात हातात थंड अन्न घेऊन उभी राहते, कुणीतरी विचारेल म्हणून.

त्यावर मी म्हणाले, शेवटी एक मूल ठेवा. कुठल्यातरी तळघरात, एकच. त्याचं रडणं तिला ऐकू येऊ दे आणि तिथे संपवा.

"कुणासाठी?" तुम्ही विचारलंत.

"ऐकणाऱ्यांसाठी."

"ऐकणाऱ्यांसाठी की तुझ्यासाठी?"

"माझ्यासाठी! माझी मुलगी पलीकडच्या खोलीत गृहपाठ करत असते आणि इकडे मी स्वयंपाकघरात तुमची मेलेली दुनिया घोकत असते. मूल नसलेला शेवट मी मराठीत म्हणणार नाही. माझी जीभ वळणार नाही." आणि मग मी भडाभडा इंग्रजीत बोलले. तुम्हाला मूलबाळ नाही म्हणून तुम्हाला सोपं जातं, असंही बोलले. तुम्ही माझं बोलणं संपल्यावर कप पुढे सरकवलात. नियम तो नियम. मी उठले, रडत रडत चहा आणला, आणि तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून म्हणालात, "शेवटचं कडवं अजून झालं नाही. झालं की ऐकशील."

म्हणजे काय, मावशी? तुम्ही ऐकलंत का माझं? कुठेतरी, खाडीवर चालताना, पोर जगवलंत का?

ते कडवं तुम्ही हॉस्पिटलमध्ये दिलंत. नाकात नळी, आवाजाचा नुसता कागद झालेला. तरी माझी एक ओळ चुकली की बोट वर व्हायचं. परत, आणि मग परत. नर्स येऊन दटावून गेली. शेवटी मी ते अडखळल्याशिवाय म्हटलं तेव्हा तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "अर्थ पुढच्या शनिवारी."

पुढच्या शनिवारी तुमचं जपानी गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, होतं असं, शेवटी माणूस पहिल्या भाषेकडे जातो. मी जपानीत विचारलं, नोरा-सान, अर्थ? तुम्ही बघत राहिलात. मग मी नियम मोडून इंग्रजीत विचारलं. जन्मभर जी भाषा शिकवून पोट भरलंत, तीही तुमच्यापाशी उरली नव्हती. मराठीत विचारलं. वेड्यासारखं हात जोडून विचारलं, सांगा ना हो, मूल आहे का त्यात? तुम्हाला बहुधा माझ्या चेहऱ्यावरून कळलं. तुम्ही माझा हात धरलात आणि सांगायला लागलात. किती वेळ सांगत होतात! समजावून, थांबून थांबून, मध्ये एकदा हसून, मध्ये एकदा बोटाने हवेत काहीतरी लहानसं दाखवून. आयरिशमध्ये. सगळं आयरिशमध्ये. आणि मी, तुमची शेजारीण, मान डोलावत होते, कारण न कळणाऱ्याचं तोंड करून तुम्हाला निरोप देणं मला शक्य नव्हतं.

तुम्ही सोमवारी गेलात.

नितीन म्हणतो, "अगं, जगात आयरिश बोलणारी माणसं आहेत की. कुणालातरी गाठ, म्हणून दाखव, मीनिंग विचार. एवढं काय त्यात?" बरोबर आहे त्याचं. लिहायचं नाही, रेकॉर्ड करायचं नाही, पण कुणासमोर म्हणायला तुम्ही कधी मना केलं नव्हतंत. फोन हातात घेते आणि ठेवून देते. मला कशाची भीती वाटते सांगू? मूल नसेल याची वाटतेच. पण त्याहून मोठी भीती ही, की समोरचा माणूस सभ्यपणे ऐकून घेईल आणि म्हणेल, बाई, ही आयरिश नाही, ही काहीच भाषा नाही. माझ्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. अपेक्षित उत्तर हातात नसेल, तर आलेलं उत्तर बरोबर की चूक हे कुणीच सांगू शकत नाही. अपेक्षित उत्तर तुम्ही होतात. रोज म्हणते, आणि रोज म्हटल्यानेच ते माझ्या वळणावर जात असेल, या विचाराने मला अन्न जात नाही. न म्हणावं तर विसरेन. म्हणावं तर बिघडवेन. असला कसला बॅकअप नेमलात हो तुम्ही!

आणि राग येतो तुमचा. खूप येतो. एवढी हट्टी कशाला व्हायचं माणसाने? एक कागद, एक फोन, काय बिघडलं असतं? तुम्ही जगाला अपशकुन नको म्हणून जपलंत, आणि बातम्या बघा, जग तर स्वतःच्या पायाने तिकडे निघालंय. मग रेस्टॉरंटपुढून जाते, कोपऱ्यातल्या टेबलावर भलतंच कुणीतरी बसलेलं दिसतं, आणि राग कुठल्या कुठे जातो. कारण या परक्या मुलखात, जिथे माझी मुलगीसुद्धा मला जपानीत उत्तर देते, तिथे माझी मराठी तुम्हाला हवी होती. एवढी हवी होती की जगाचा शेवट तुम्ही तिच्या हवाली केलात. ते उपकार मी कुठे फेडू?

तुमचा भाचा डोनल आला होता. उंच, गोंधळलेला, काळा कोट विमानात चुरगळलेला. आम्ही दोघंच होतो म्हणायला जवळचे. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. आईला मी सांगितलंच नाही. दहन झाल्यावर तुमचा ट्रे भट्टीतून बाहेर आला. तिथे कामाला असलेल्या जपानी बाईंनी वाकून नमस्कार केला आणि आम्हा दोघांच्या हातात चॉपस्टिक्स दिल्या, एक बांबूची आणि एक दुसऱ्या लाकडाची, तिथली तशीच रीत असते. एक हाड दोघांनी मिळून उचलायचं, आधी पायाची, मग वरची. मला कांदाभजी आठवली आणि मी तोंडावर हात दाबला. डोनलला वाटलं, मी रडते. रडतही होते.

मधेच मी थांबले. तुम्ही असं निमूट, हलक्या आवाजातल्या सूचनांवर, कुणी हेल काढल्याशिवाय जाणार, हे मला सहन होईना. मी तुमचं शेवटचं कडवं म्हणायला लागले. मोठ्याने. आवाज तुमच्यासारखा वर चढला. तिथल्या बाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. ओळी आल्या, सगळ्या आल्या. शेवटी तुम्ही शिकवलं होतं तसं एक श्वासभर गप्प राहिले, जिथे बाकीच्या बायकांनी साथ द्यायची असते आणि तुमच्या कवितेत बाकीच्या कुणी उरलेल्याच नसतात.

डोनलचा चेहरा भिजला होता. "श्वास अगदी तिच्यासारखा घेतेस," तो इंग्रजीत म्हणाला. "शाळेत शिकवली होती आम्हाला ती भाषा. मी परीक्षा झाल्यावर सोडून दिली. ती मला पत्रं पाठवायची आयरिशमध्ये, मी इंग्रजीत उत्तर द्यायचो, मग तिची पत्रं बंद झाली." त्याने बाहीने नाक पुसलं. एवढा मोठा माणूस, आणि माझ्याकडे लहान पोरासारखा बघत त्याने विचारलं, "काय अर्थ आहे त्याचा?"

मावशी, तुमच्याच रक्ताचा माणूस तो, आणि मला विचारत होता.

"त्यांनी मला सांगितलाय," मी म्हणाले. "माझा हात धरून, नीट समजावून, सगळा सांगितलाय."

तो पुढे काही ऐकायला थांबला होता. ट्रेवर आता एकच हाड राहिलं होतं, मानेतलं. ते इथे सगळ्यात शेवटी ठेवतात, घशातला बुद्ध म्हणतात त्याला. बाईंनी हळूच खूण केली, आणि त्याने एका बाजूने व मी दुसऱ्या बाजूने धरून आम्ही तुमच्या घशाचं हाड उचललं.